‘सोड’ कोण म्हणालं?

फांदी सुटली आणि तिच्यामागे दोर सरसर धावत गेला. सदाशिव वरच्या फांद्यांच्या बेचक्यात पाय रोवून बसला होता, कमरेला पट्टा, हातात करवत. आता दोर ताणला जाईल, फांदी हिसका खाऊन मध्येच लोंबकळेल आणि मग हळूहळू खाली उतरेल, अशी त्याची खात्री होती. तसं काहीच झालं नाही. मांडीएवढी जाड फांदी तीन मजल्यांच्या उंचीवरून सरळ खाली गेली आणि रस्त्याकडेच्या हातगाडीच्या चिरफळ्या उडाल्या. गाडीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, लांब्या उभा होता.

लांब्या म्हणजे तोडलेल्या फांद्या ओढून नेणारा गडी. उंची सहा फुटांच्या वर, आणि बोलायला लागला की समोरच्याने बसून घ्यावं. त्या दिवशी त्याची दातखीळ बसली. तो जागच्या जागी खाली बसला. डोक्यावरच्या हेल्मेटवर पानं पडली होती, ती झटकायचंही त्याला सुचलं नाही.

सदाशिव कसाबसा उतरला. दोराजवळ त्याचा जावई उभा होता, पांढराफटक. फांदीचा भार पेलणारा दोराचा वेढाच खोडाला पडलेला नव्हता.

"जावईबापू, हे काय केलंत?"

"मी काय केलं मामा? मी ‘सोड’ म्हणालोच नाही! लांब्या गाडी काढत होता. मी ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडतोय, तेवढ्यात फांदी खाली."

"मी विचारलं, सोडू का. खालून आवाज आला, सोड. मग कापली. या कानांनी ऐकलंय मी."

"मी नाही म्हणालो."

"मग काय झाड बोललं?"

या धंद्यात सगळा जीव या दोन शब्दांवर असतो. शेवटचा घाव घालायच्या आधी मशीन बंद करायचं, हातकरवत घ्यायची आणि वरच्याने विचारायचं, "सोडू का?" खालच्याने चारी बाजूंना बघायचं, कोणी खाली नाही ना, दोराचा वेढा नीट बसलाय ना, आणि मगच म्हणायचं, "सोड!" तोवर वरच्याने करवत ओढायची नाही. त्या दिवशी पलीकडे फांद्यांचा भुगा करणारं यंत्र घरघरत होतं, त्यामुळे बाकी कोणालाच काही ऐकू आलेलं नव्हतं. राहिले दोघं, सासरा आणि जावई. एक म्हणतो ऐकलं, दुसरा म्हणतो बोललोच नाही.

आता सदाशिव कोण, ते सांगायला हवं. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, बाकी कुठे नाही. ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणतात ना, त्यावरून लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तसा त्याला संसार होता, बायको होती, मुलगी होती. एकटा होता तो कामात. एकतीस वर्षं त्याने एकट्याने झाडं उतरवली. दोर स्वतः बांधायचा, खोडाला गाठ स्वतः मारायची, वर चढून कापायचं, फांदी लोंबकळली की खाली येऊन दोर ढिला करायचा. एका फांदीसाठी चार वेळा चढउतार. चौघांची टोळी जे काम सकाळी उरकते, त्याला सदाशिवला तीन दिवस लागायचे. पण त्याला त्याचा कोण अभिमान! "टोळी म्हणजे चार डोकी आणि आठ चुका," तो म्हणायचा. "माझी चूक झाली तर मीच मरेन. दुसऱ्याच्या चुकीने मरायला मी मोकळा नाही."

एकटं राहून माणसाला सवयी लागतात, तशा त्यालाही होत्या. घरातही स्वतःशीच बोलायचा. "चहा ठेवू का? ठेव." बायको म्हणायची, "अहो, विचारणारे तुम्ही, सांगणारे तुम्ही. मग मी काय भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी नुसती लटकू का?" तो हसायचा. यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तो पहिल्यापासून एकटा नव्हता. आधी दोघं भाऊ बरोबर काम करायचे. सदाशिव धाकटा, तो वर; थोरला, म्हणजे दादा, खाली दोराला. सहा वर्षं चांगली गेली. मग एक दिवस धाकट्याने विचारलं, सोडू का, खालून आलं, सोड, आणि फांदी दादाच्या कमरेवर आणि उजव्या पायावर पडली. दादा दवाखान्यातल्या खाटेवरून दोन महिने एकच सांगत राहिला, "मी ‘सोड’ म्हणालो नव्हतो रे." आणि धाकट्याचं डोकं फिरलं. भावाचा पाय कायमचा अधू झाला याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त राग याचा, की स्वतःची चूक दादा आपल्या गळ्यात मारतोय. चोर तो चोर, वर शिरजोर! हे शब्द त्याने दादाच्या तोंडावर म्हटले होते, वहिनीसमोर. त्यानंतर दादा त्या विषयावर बोलायचा थांबला. सगळ्या भावकीने त्याचा अर्थ एकच काढला, की पटली बाबा याला आपली चूक. दोघांची घरं एकाच गावात, चालत वीस मिनिटांवर. पण जाणं-येणं फक्त कोणी गेलं किंवा कोणाचं लग्न असलं तरच. आणि सदाशिवने शपथ घेतली, की यापुढे माझ्या झाडाखाली दुसरा माणूस उभा राहणार नाही.

शपथ मोडली ती गुडघ्यांमुळे. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका फांदीसाठी चार वेळा चढउतार होईना. जावई मुकादमबाईंच्या टोळीत दोर सांभाळायचा. त्याने बाईंकडे शब्द टाकला, "मामांसारखी करवत गावात कोणाची नाही. त्यांनी फक्त वर बसावं, खालचं आम्ही बघतो." सदाशिव कुरकुरत गेला. दोन महिने गेले, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटायला लागलं होतं. डबा खाताना चार माणसं असतात, लांब्या नको त्या गोष्टी सांगतो, खाली उतरायच्या आधी कोणीतरी पाणी वर पाठवतं. एकदा तो बायकोला म्हणालाही, "इतकी वर्षं उगाच घालवली की काय?" आणि मग हातगाडीच्या चिरफळ्या झाल्या.

मुकादमबाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघांतला एक चुकतोय, आणि कोण ते कळेपर्यंत मी कोणाचा जीव टांगणार नाही. काकांची तीस वर्षांत एक चूक ऐकलेली नाही. तेव्हा जावईबुवा, तुम्ही दोरापासून बाजूला. शनिवारपर्यंत बघते. नाहीतर दुसरीकडे काम शोधा."

जावयाने सासऱ्याकडे एकदा बघितलं आणि हातमोजे काढून दोराच्या गुंडाळीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली. सातवा महिना चालू होता, जिना चढून धाप लागलेली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही नक्की ऐकलंत?"

"नक्की म्हणजे? तुझी शपथ घेऊन सांगतो."

"माझी नका घेऊ. ते कालपासून जेवले नाहीत. म्हणतात, दोराजवळून हाकललेल्याला दुसऱ्या टोळीत कोण घेणार? त्यांनीच तुम्हाला तिथे नेलं ना? आणि तुम्ही त्यांना खोटं पाडता?"

"मी खोटं पाडत नाही. त्यांना आठवत नसेल. माणूस घाबरला की असं होतं. तुझ्या काकाचंही तसंच झालं होतं."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "काकांचंही?" ती म्हणाली. "दोन वेगळी माणसं, आणि दोघांनाही तेच आठवत नाही?"

तिच्या आईने पाण्याचा पेला पुढे केला. तो न घेताच मुलगी उतरून गेली. सदाशिवला तिचा राग आला. मग राग ओसरला आणि तिचं वाक्य तेवढं राहिलं.

शनिवारी बाईंनी काम लावलं ते एका बंद शाळेच्या आवारात. झाड बेताचं, फांद्या मनगटाएवढ्या. बाईंनी सगळी मशिनं बंद करायला लावली, माणसांना भिंतीजवळ बसवलं आणि दोर स्वतः हातात घेतला. जावईही आला होता. तो भिंतीला टेकून मान खाली घालून उभा होता.

"काका, चार फांद्या काढा. हातकरवतीनेच काढा. बाकी काही नाही."

सदाशिवला वाटलं, बाई आपलं काम बघताहेत. बघू देत. तो चढला, पट्टा अडकवला, पहिल्या फांदीला दोर बांधला आणि करवत लावली. आवारात इतकी शांतता होती, की भुसा पानांवर पडलेला ऐकू येत होता. फांदी शेवटच्या सालीवर आली. तो थांबला.

"सोडू का?"

"सोड!"

त्याने करवत ओढली. फांदी सुटली आणि दोरासकट धप्पकन खाली आपटली. दोराचं दुसरं टोक बाईंच्या पायाजवळ मोकळंच पडलेलं होतं.

"अहो बाई! वेढा कुठंय? वेढा घातल्याशिवाय ‘सोड’ कसं म्हणता?"

बाई वर बघत होत्या. भिंतीजवळचे सगळे वर बघत होते. लांब्या उभा राहिला होता. आणि बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. तो त्यांनी आता काढला.

"काका, मी तोंड उघडलेलं नाही."

"आत्ता म्हणालात की!"

"मामा," लांब्या म्हणाला. "मामा, तुम्हीच म्हणालात. सोडू का, तेही तुम्हीच. सोड, तेही तुम्हीच. दुसरं जरा जाड आवाजात."

सदाशिव हसला. त्याला खरोखर वाटलं, की जावयाला वाचवायला सगळ्यांनी मिळून काहीतरी रचलंय. लोक काय, बोलून चालून जावयाचेच सोबती. "बरं," तो म्हणाला, "दुसरी फांदी घेतो. आता बघा."

त्याने दुसरी फांदी शेवटच्या सालीपर्यंत आणली. करवत मनगटाला लटकवून ठेवली. विचारलं, "सोडू का?" आणि लगेच डावा तळवा तोंडावर दाबला, बाईंनी दाबला होता तसाच.

तळव्याखाली त्याचे ओठ हलले.

शब्द बाहेर पडला नाही, हातात अडकला. पण ओठ हलले होते, जीभ टाळूला लागली होती, आणि कानात मात्र त्याला खालून, स्पष्ट, ऐकू आलं होतं, सोड. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ज्या आवाजावर त्याने जन्मभर शपथा घेतल्या, तो त्याच्या स्वतःच्याच घशात होता.

तो फांदी न तोडता तसाच बसून राहिला. आणि वडील आठवले. तो बारा-तेरा वर्षांचा असताना वडील त्याला बुटक्या झाडांवर चढवून स्वतः दुसरीकडे कामाला जायचे. जाताना बजावायचे, "खाली कोणी नसलं तरी विचारायचं, सोडू का. मग खाली बघायचं. मग स्वतःच म्हणायचं, सोड. दोन्ही बाजू तोंडपाठ कर." वडिलांचा हेतू चांगला होता, विचारलं की माणूस खाली बघतो. वर्षं गेली, मधलं बघणं गळून गेलं आणि दोन शब्द तेवढे एकमेकांना चिकटून राहिले. खाली माणूस असला आणि त्यानेही ‘सोड’ म्हटलं, की दोन आवाज एकावर एक पडायचे, कोणाला कळायचं नाही. ज्या दिवशी खालचा गप्प राहिला, त्या दिवशी एकच उरला.

"काका, उतरा," बाई म्हणाल्या. "सावकाश."

खाली आल्यावर तो जावयासमोर उभा राहिला. सासऱ्याने जावयाच्या पाया पडू नये म्हणतात, म्हणून तो पडला नाही, एवढंच.

"तुम्ही म्हणाला नव्हतात," तो म्हणाला.

"तेच सांगत होतो मामा," जावई म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण परवापासून मलाच वाटायला लागलं होतं. मामा एवढं छातीठोक सांगतात, तर आपणच म्हणालो असू. आणखी दोन दिवस गेले असते ना, तर मी कबूलही केलं असतं."

बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. जावई परत दोरावर. आणि हाक बंद, उद्यापासून शिट्टी, आणि शिट्टी फक्त खालच्याच्या गळ्यात. "काका, तुम्ही कितीही मोठे कारागीर असा, झाडावर बसून खालची शिट्टी काही तुम्हाला वाजवता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि लोक सुटकेने हसले. लांब्याला तर वाचा परत आली ती बंदच होईना.

सदाशिव हसला नाही. जावयाचं वाक्य त्याच्या कानातून जाईना. आपणच म्हणालो असू. त्याने कमरेचा पट्टाही सोडला नाही. करवत खांद्याला तशीच, आणि तो चालायला लागला. वीस मिनिटांचा रस्ता. एकतीस वर्षांत या रस्त्याने तो लग्न-मयताशिवाय आला नव्हता.

दादा अंगणात पाटावर बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. पाय अधू झाल्यापासून तो हेच करायचा, बसून होणारं काम. उजवा पाय समोर सरळ पसरलेला, वाकत नसे. बाजूला काठी.

"धाकट्या?" दादाने रंधा खाली ठेवला. "कोण गेलं?"

"कोणी नाही." सदाशिव उभाच राहिला. "दादा, त्या दिवशी तू ‘सोड’ म्हणाला नव्हतास."

दादाला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. तो जरा हसला, समजूत घालणाऱ्या माणसासारखा. "अरे, सोड ते आता. म्हणालो होतो मी."

"नव्हतास म्हणाला!"

"पहिले दोन महिने मलाही तसंच वाटायचं. मग विचार केला, धाकटा खोटं बोलणारा नाही. त्याने ऐकलं म्हणतो, तर मी म्हणालोच असणार. आणि हळूहळू आठवलं की मला. पायाशी टोपली होती, मी वर बघितलं आणि म्हणालो, सोड. आत्ताही डोळ्यासमोर आहे."

वहिनी दारात आली होती. ती म्हणाली, "मुलांनाही त्यांनी हेच सांगितलंय भावोजी. काकांवर राग धरू नका, चूक माझी होती म्हणून."

सदाशिवने भिंतीचा आधार घेतला. दादाने त्याला शिव्या घातल्या असत्या तर त्या त्याने घेतल्या असत्या. त्यासाठीच तर तो आला होता. पण इथे त्याने या माणसाचा पाय घेतला होता, त्याला खोटारडा म्हटलं होतं, आणि वर त्याच्या डोक्यात न घडलेली गोष्ट घालून ठेवली होती, आणि ती दादा इतकी वर्षं खरी मानून सांभाळत आला होता. त्याने शाळेतलं सगळं सांगितलं, तळव्याखाली ओठ हलले तेही. दादा ऐकत होता, पण मान हलवत होता. "माझं मन राखायला सांगतोयस," तो म्हणाला. "आता या वयात कशाला?"

अंगणाच्या कोपऱ्यात झाड होतं. फार उंच नाही, छपराएवढं. सदाशिवने खांद्यावरची करवत हातात घेतली.

"उठ दादा. खाली उभा राहा. नाही, तिकडे, भिंतीजवळ, लांब. वहिनी, तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहा. दादा, ओठ मिटून ठेवायचे. काही झालं तरी बोलायचं नाही."

गुडघे दुखत होते, तरी तो चढला. बोटाएवढी सुकी फांदी धरली, करवत लावली, शेवटच्या सालीपर्यंत आणली. खाली दादा काठीवर रेलून उभा होता, लहान मुलासारखे ओठ घट्ट मिटून. सदाशिवने या वेळी तोंडावर हात ठेवला नाही. डोळे मिटले, आणि इतकी वर्षं विचारत आला होता तसंच विचारलं.

"सोडू का?"

"सोड!"

फांदी खाली पडली. पडल्याचा आवाजही फारसा झाला नाही. वहिनीने तोंडाला पदर लावला.

दादा वर बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. सदाशिव वर फांदीला धरून बसला होता. आता दादा जे काही बोलेल ते ऐकायला तो तयार होता. पाय दे म्हणाला असता तर पायही दिला असता.

"खाली ये," दादा म्हणाला. "हळू ये. पडशील."

सदाशिव त्याच्या ओठांकडे बघत होता. ओठ हलले होते. आवाज खालूनच आला होता.